रात्रपाळीवाल्यांना आधी टोचा

२०२० च्या मार्चमध्ये मला माझे उंदीर मारायला सांगितलं गेलं. विद्यापीठ बंद होणार होतं, लॅबमध्ये रोज कुणी येऊ शकणार नव्हतं, आणि ज्यांची रोज देखभाल होणार नाही असे प्राणी ठेवायचे नाहीत असा नियम होता. आठवड्याअखेरपर्यंत काम संपवा, अशी ईमेल आली. मी संपवलं. घरी येऊन कितीतरी वेळ हात धुतले आणि भात लावला, पण जेवलो नाही.

मी तेव्हा आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या मेनूथला पीएचडी करत होतो. माझा विषय असा होता की तीच लस, तेवढाच डोस, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दिला तर शरीर तिला वेगवेगळा प्रतिसाद देतं का. शरीरात घड्याळ असतं हे हल्ली सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ते एकच नसतं. मेंदूत एक मुख्य असतं आणि शिवाय जवळजवळ प्रत्येक पेशीत एकेक छोटं. रोगाशी लढणाऱ्या पेशींतही ते असतं. त्या पेशी दिवसाच्या काही वेळी रक्तात जास्त फिरतात, तर काही वेळी काखेतल्या, मानेतल्या गाठींमध्ये गोळा होतात. लस टोचली की पुढचं सगळं शिकणं त्या गाठींमध्ये होतं, म्हणून तेव्हा तिथे कोण हजर आहे याला महत्त्व असतं. उंदरांमध्ये हा फरक मला डोळ्यांनी दिसत होता. माणसांचं मात्र अजून धूसर होतं. फ्लूच्या लशीबद्दल काही ठिकाणी वयस्कर लोकांना सकाळी टोचलेलं जास्त चांगलं असं दिसलं होतं, काही ठिकाणी काहीच दिसलं नव्हतं. झोपेबद्दल थोडं जास्त सांगता यायचं. लशीच्या आगेमागे झोप नीट झाली नाही, तर शरीराचा प्रतिसाद कमी पडू शकतो.

तर सगळं जग लस, लस करायला लागलं त्याच महिन्यात माझं लशीवरचं काम काळ्या पिशवीत गेलं. तो माझा पहिला राग. तो कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं.

उन्हाळ्यात लॅब अर्धवट उघडली, पण एका वेळी एकानेच यायचं या अटीवर. माझ्याकडे वेळच वेळ होता आणि गावाबाहेरच्या एका नर्सिंग होमला माणसं हवी होती. इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे. तो वृद्धाश्रम असतो, फक्त तिथे चोवीस तास नर्स असते. म्हाताऱ्यांना कूस बदलून द्यायची, बाथरूमला न्यायचं, चादरी बदलायच्या, घाबरून उठलेल्याच्या शेजारी बसायचं, असं ते काम. घरी मी 'हेल्थकेअरमध्ये पार्टटाइम' एवढंच सांगितलं होतं. बाबांनी जास्त विचारलं नाही. नव्या माणसाला रात्रपाळीच मिळते, तशी ती मलाही मिळाली, आठवड्यातून दोनदा.

रात्रपाळीची सूत्रं साठीला आलेल्या एका आयरिश बाईच्या हातात होती. आम्ही अर्थातच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचो, पण मनात मी तिला मावशी म्हणायचो, तेव्हा इथेही तेच म्हणतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "कप प्रेसमध्ये आहेत," आणि मी स्वयंपाकघरात इस्त्री शोधत फिरलो. इथे प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट. त्यावर ती पुढे महिनाभर हसत होती. घरी भाजलेला ब्राऊन ब्रेड ती फॉइलमध्ये गुंडाळून आणायची आणि मला न विचारता अर्धा द्यायची.

मुलं लहान असताना तिने रात्रपाळी धरली होती. नवरा लांबच्या लॉरीवर, मग दिवसा मुलांना बघायचं कोणी? मुलं मोठी होऊन ऑस्ट्रेलियाला गेली, नवरा निवृत्त झाला, पण ही रात्रीचीच राहिली. बेडरूमच्या खिडकीला तिने आतून जाड काळा कागद लावला होता. तिला शुगर होती, गुडघे दुखायचे. कुठल्याही वेळी झोप येते आणि कुठल्याच वेळी नीट लागत नाही, असं ती सांगायची. मी मान डोलवायचो. असं का होतं याचे कागद माझ्या टेबलावर ढिगाने पडलेले होते.

२०२१ च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये मोठी लाट आली. आमचा निम्मा स्टाफ आजारी पडला किंवा घरात अडकला, आणि आश्रमातले काही म्हातारे गेले. त्याच आठवड्यांमध्ये निरोप आला की लस देणारी टीम येते आहे, म्हाताऱ्यांना आणि स्टाफला एकाच सकाळी टोचणार. मी कशासाठी तरी ऑफिसात गेलो होतो तेव्हा मॅनेजरबाई टीमशी फोनवर बोलत होत्या. "रात्रपाळीवाल्यांना आधी टोचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते बिचारे घरी जायला मोकळे."

बिचारे. त्यांना खरंच वाटत होतं की त्या आमच्यावर मेहेरबानी करताहेत.

फोन संपल्यावर मी विचारलं, "आम्हाला शेवटी ठेवता येईल का? घरी जाऊन झोप काढून दुपारी येतो."

"दुपारी टीम इथे नसेल. दुसरीकडे जायचंय त्यांना. लस एकदा पातळ केली की काही तासांत संपवावी लागते."

"मग आदल्या रात्री आम्हाला सुट्टी द्या."

त्या हसल्या. "आणि रात्री म्हाताऱ्यांजवळ कोण थांबणार? लस आली हेच खूप झालं. सगळं ग्रँड होईल."

ग्रँड हा इथला शब्द 'मस्त' पासून 'आता पुरे' पर्यंत कशालाही चालतो. माझ्या वाट्याला दुसरा अर्थ आला होता.

ती आदली रात्र वाईट गेली. एक आजोबा पडले, एका आजींना श्वास लागला, ॲम्ब्युलन्स आली आणि गेली. कुणीही बसलं नाही. सकाळी आठला जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं बाजूला सरकवून टीम तयार होती. दिवसपाळीचे लोक नुकते आंघोळ करून आल्यासारखे ताजे, खिदळत, दंडाचे फोटो काढत होते. आम्ही रांगेत पहिले. मावशी भिंतीला हात टेकून उभी होती.

"आज तब्येत बरी आहे ना?" टोचणाऱ्या नर्सने तिला विचारलं.

"रात्रभर उभी आहे. बाकी ग्रँड."

नर्स हसली आणि सुई आत गेली. मग माझी. त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. जगातली सगळ्यात मौल्यवान लस, जिच्यासाठी लोक देव पाण्यात घालून बसले होते, ती आमच्या अंगात अशा वेळी ढकलली जात होती की ज्या वेळी मी माझ्या उंदरालाही टोचली नसती, कारण निकाल बिघडला असता.

टोचल्यावर थोडा वेळ तिथेच थांबायचं असतं. मावशीला खुर्चीतच झोप लागली, मान मागे, मास्क नाकाखाली. दिवसपाळीतल्या एकीने हसत फोन वर केला.

"फोटो काढू नकोस," मी म्हणालो. आवाज इतका चढला की अख्खा हॉल वळून बघायला लागला.

थोड्या वेळाने मावशी बाहेर पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचं दव-बर्फ एका जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"तुझं काय बिनसलंय?" तिने विचारलं.

मी सांगून टाकलं. घड्याळ, पेशी, गाठी, झोप, सगळं एका दमात. ती खरवडायची थांबली.

"म्हणजे माझी लस लागू पडणार नाही?"

"पडणार. नक्की पडणार. थोडी कमी पडेल कदाचित. कदाचित काहीच फरक नसेल. खरं म्हणजे कुणालाच माहीत नाही."

"तुला पण माहीत नाही?"

"उंदरांचं माहीत आहे."

"मग एवढा चिडलास कशाला?"

"कारण कुणी विचारसुद्धा केला नाही. एवढ्या सगळ्या तयारीत एका माणसाच्याही डोक्यात आलं नाही की ही माणसं रात्रभर जागी आहेत."

तिने ते कार्ड गाडीच्या टपावर ठेवलं. "इतकी वर्षं मी रात्री जागते आहे," ती म्हणाली. "डॉक्टरने शुगर सांगितली तेव्हा म्हणाला, बिस्किटं कमी कर. रात्रपाळीचं एका शब्दाने कुणी बोललं नाही. आणि तू उन्हाळ्यापासून माझा ब्रेड खातोस, माझ्यासमोर बसून चहा पितोस, आणि तुझा अभ्यासच हा आहे?"

"तुम्ही कधी विचारलं नाही," मी म्हणालो. फार मूर्खासारखं बोललो.

"काय विचारायचं होतं मी?"

ती गाडीत बसली, दार आपटलं, मग काच खाली केली. "दुसरा डोस कधी?"

"तीन आठवड्यांनी. तोही असाच, सकाळी."

"तो मी असा घेणार नाही," ती म्हणाली आणि गेली.

दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने शेजारच्या काकूंनाही फोनसमोर आणलं होतं. "आमच्या घरातली पहिली लस!" ती म्हणाली. "मग चेहरा असा का? दुखतंय का रे?" मी म्हटलं, "दंड दुखतोय." काकूंनी हळदीचं दूध प्यायला सांगितलं.

संध्याकाळी गाईडबरोबर नेहमीची ऑनलाइन मीटिंग होती. ते आयरिश, हुशार, माझ्याशी कायम चांगले वागलेले. मी तक्रार म्हणून त्यांना सकाळचं सगळं सांगितलं. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"थांब. दिवसपाळीवाल्यांना कधी टोचलं?"

"आमच्यानंतर. सगळे झोपून, नाश्ता करून आलेले."

"म्हणजे एकच इमारत, एकच लस, एकच टीम. दोन गट आयतेच झालेत." त्यांचे डोळे चमकायला लागले होते. ते डोळे मी चांगल्या निकालांच्या दिवशी बघितले होते. "परवानगी मी मिळवतो, कोरोनाचे अर्ज हल्ली पटापट पास होतात. तू तिथे ओळखीचा आहेस, लोक तुला रक्त देतील. फक्त एक. दुसऱ्या डोसच्या वेळेबद्दल आता तू काही सुचवू नकोस. गट स्वच्छ राहायला हवेत."

"मी सुचवून बसलोय."

"मग यापुढे गप्प राहा."

"सर, तिथे एक साठीची बाई आहे. शुगर आहे तिला. आपल्याला आकडे मिळावेत म्हणून तिने मुद्दाम वाईट वेळी लस घ्यायची?"

"मुद्दाम कोण म्हणतंय? ती तशीही तेव्हाच घेणार आहे. आपण फक्त बघायचं."

मी लॅपटॉप जरा लांब सरकवला.

"तुला राग आलाय, कळतंय मला," ते म्हणाले. "पण रागाने ड्युट्या बदलत नाहीत. आकडे दाखवले तर एखादवेळी बदलतात. तुझ्या मॅनेजरबाईंना आज तू काय दाखवणार? उंदीर?"

ते बरोबर बोलत होते, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. आकड्यांशिवाय माझं कुणी ऐकणार नव्हतं. आणि आकडे हवे असतील तर मावशीला त्या रांगेत पुन्हा पहिली उभी करून मी वही घेऊन बाजूला थांबायचं. दिवा कधी लावायचा, कधी मालवायचा हे मी उंदरांसाठी ठरवत आलो होतो. पण त्यांच्यापैकी कुणी मला स्वतःच्या डब्यातला अर्धा ब्रेड दिला नव्हता. मी म्हटलं, "मला विचार करावा लागेल," आणि कॅमेरा बंद केला.

पुढच्या पाळीला मी मावशीला तेही सांगितलं. लपवायचं काही उरलं नव्हतं.

"रक्त हवंय? देते की," ती म्हणाली. "भरपूर आहे. पण आधी मी झोपून येणार, मग टोचून घेणार, मग रक्त."

"मग त्यांना त्याचा उपयोग नाही."

"मग युअर मॅनला सांग, दुसरी म्हातारी बघ." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो कोण तुझा तो'. माझ्या गाईडांबद्दल एवढं नेमकं मी कधीच ऐकलं नव्हतं.

हे माझ्याकडून होणार नाही, असं मी त्यांना कळवलं. "वाईट वाटलं," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर कितीतरी महिने आमच्या मीटिंगा लवकर संपायच्या.

दुसऱ्या डोसच्या आधी मी आणि मावशी मॅनेजरबाईंकडे गेलो. रात्रीची नर्स केरळची होती. तिलाही यायचं होतं, पण तिचं वर्क परमिट याच संस्थेच्या नावावर. "तुम्ही बोला," ती म्हणाली. "फक्त माझं नाव घेऊ नका." स्वतःच्या झोपेबद्दल बोलायचीही तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीला कारण होतं.

मॅनेजरबाईंनी ऐकून घेतलं. मग तेच उत्तर, माणसं नाहीत.

आणि मी ओरडलो. वडीलधाऱ्या माणसावर आयुष्यात पहिल्यांदा. काय बोललो ते धड आठवत नाही. माणसं नाहीत हे आम्हाला सांगू नका, ती माणसं आम्हीच आहोत, असं काहीतरी. म्हाताऱ्यांच्या औषधांच्या वेळा पाळता, जेवणाच्या पाळता, आणि आम्हाला काय भिंत समजता का, असंही. मावशीने माझ्या बाहीला धरून ओढलं.

मॅनेजरबाई उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. तेव्हा दारामागे मला घडीचा पलंग दिसला, त्यावर चुरगळलेलं पांघरूण. त्या तिथेच राहत होत्या, किती दिवस ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"आजारी कोण कोण आहे ते तूच बघतोयस," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "एजन्सीला रोज फोन करते. कुणालाच पाठवत नाहीत. आता तू सांग, कुणाला बोलवू? सांग ना."

मग त्यांनी टेबलावरचा ड्युट्यांचा तक्ता ओढून घेतला.

"एकाला सोडता येईल आदल्या रात्री. त्याच्या जागी मी उभी राहीन. एकालाच. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि पुन्हा माझ्यावर ओरडायचं नाही."

"मी," मावशी लगेच म्हणाली.

आपल्याकडे असते तशी 'नाही नाही, तू घे' ची फेरी होईल असं मला वाटलं होतं. ती झालीच नाही, आणि मला ते फार आवडलं. नर्सला सांगितलं तेव्हा तीही म्हणाली, "बरोबर आहे. तिलाच मिळायला हवी."

दुसऱ्या डोसच्या सकाळी मी आणि नर्सने पुन्हा रात्रभर जागून सगळ्यांत आधी टोचून घेतलं. मी घरी गेलो नाही, मावशीची वाट बघत थांबलो. दहाच्या सुमाराला ती आली. केस धुतलेले, निळा स्वेटर, मास्क जरासा सरकला तेव्हा दिसलं, लिपस्टिकसुद्धा लावली होती. मी अगदी विजयी मुद्रेने विचारलं, "झोपलात ना मस्त?"

"कसली झोप," ती म्हणाली. "रात्रभर छताकडे बघत पडले होते. शेजारी तो घोरतोय आणि मी टक्क जागी. पहाटे जरा डोळा लागला."

इतक्या वर्षांच्या रात्रपाळीवर सरकलेलं शरीर एका सुट्टीने मागे येत नाही. हे मला, निदान मला, कळायला हवं होतं. ज्या एका रात्रीसाठी आम्ही भांडलो, ओरडलो, ती रात्र तिच्या काहीच कामाची नव्हती. तिला हवी होती ती सुट्टी कधीच, कितीतरी वर्षांपूर्वी द्यायला हवी होती.

"तोंड पाडू नकोस," ती म्हणाली. "पाठ तर टेकली." आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. ताप येऊन गेला होता, अंग ठणकत होतं. "तुझ्या त्या घड्याळाने मला पार आडवी केली," ती म्हणाली. मी पहिल्यांदा मोकळेपणाने हसलो. पुढे तिला काही झालं नाही, नर्सला नाही, मलाही नाही. आश्रमातलं मरणं थांबलं. लशीने आपलं काम केलं. लशीवर माझा राग कधीच नव्हता. आमचा प्रतिसाद दिवसपाळीवाल्यांपेक्षा कमी होता की नव्हता, हे मात्र कुणी मोजलं नाही, आणि आता ते कुणाला कळणारही नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या वयाच्या लोकांना लस मिळायला लागली. फार्मसीत आपली आपण वेळ घेता यायची. माझा पुण्याचा एक कॉलेजमित्र डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात एका कंपनीत आहे, दीड वर्ष घरूनच काम करत होता. एका दुपारी त्याचा फोन आला.

"अरे, तू यातला माणूस. मी कुठेतरी वाचलं, सकाळी घेतलेली चांगली की काय. साडेनऊची पण आहे आणि चारची पण. कुठली घेऊ? तशा दोन्ही जमतात मला, मीटिंग हलवेन."

माझं डोकं फिरलं. मी त्याला मावशीचं सांगितलं, रांगेचं, खुर्चीत लागलेल्या झोपेचं, स्वतःचं नावही घेऊ न देणाऱ्या नर्सचं. म्हटलं, ज्यांना फरक पडू शकला असता त्यांना कुणी वेळ विचारली नाही, आणि ज्यांना काही पडत नाही ते तुम्ही सोफ्यावर बसून साडेनऊ की चार ते ठरवताय. बराच वेळ बोलत होतो.

शेवटी तो म्हणाला, "अरे, मी फक्त वेळ विचारली."

त्याचं खरं होतं. मी म्हटलं, "साडेनऊ घे. आदल्या रात्री नीट झोप." फोन ठेवला आणि डबा भरायला घेतला. त्या आठवड्यातही मला रात्रपाळीच होती.